न घाबरलेलं भेकर

माझे बाबा कोकणातले पट्टीचे शिकारी होते, ही गोष्ट मी ठाण्याच्या आमच्या ऑफिसात इतकी वर्षं आणि इतकी रंगवून सांगत आले होते, की नवीन कुणी कामाला लागलं की जुने लोक त्याला आधी चहावाला दाखवायचे आणि मग माझ्या टेबलाशी आणून उभं करायचे. "मॅडम, याला ती शिकारीची सांगा." मी कधी आढेवेढे घेतले नाहीत. ओढणी कमरेला बांधायची, लांब पट्टी बंदुकीसारखी खांद्याला लावायची आणि दोन टेबलांमधल्या बोळात रान उभं करायचं. फायलींच्या कपाटामागून सांबर यायचं, झेरॉक्स मशीनपाशी थबकायचं, आणि बाबा श्वास रोखायचे. बाबांचा नेम एकदाही चुकला नाही. चुकणार कसा, बंदूक माझ्या हातात होती.

बाबांनी स्वतः मला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. मी लहान असताना एकदा मटण खाता खाता ते म्हणाले होते, "गावाला आम्ही शिकारीला जायचो." एवढंच. उरलेलं सगळं दुकान माझं. कधी त्यांच्यासमोरच मी रंगात आले तर ते खाली बघून हसायचे, आणि मला वाटायचं, काय हा विनय.

पुढे बाबांची फुप्फुसं कडक होत गेली. डोंबिवलीतले आमचे डॉक्टर फार बोलणारे नव्हेत. ते म्हणाले, "यांना कुठे फिरवायचं असेल तर पावसाळ्याआधी फिरवून आणा." पावसाळ्यानंतरचं ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. त्याच दिवशी तपासण्यांसाठी आम्ही दोघं बाकड्यावर नंबरची वाट बघत बसलो होतो. भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद होता आणि पडद्यावर कुठल्याशा परदेशी कुरणात एक हरिण चरत होतं. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"बाय, हे असं उभं राहतं?"

"कोण, बाबा?"

"जनावर. असं निवांत?"

मी म्हटलं, "शिकारी तुम्ही. मला काय विचारता? मी पाहिलेलं सगळ्यात रानटी जनावर म्हणजे आमचे साहेब."

ते हसले, हसता हसता खोकले, आणि खोकून झाल्यावर म्हणाले, "मी कसला शिकारी गो. मी हाकाऱ्यातला."

मग तिथेच, नंबर येईपर्यंत, तुटक तुटक वाक्यांत त्यांनी मला सांगितलं. गावात बंदुका वरच्या वाडीत होत्या. शिमग्यापासून पावसापर्यंत कधीही शिकार निघाली की बंदूकवाले आधी जाऊन पुढच्या खिंडीत झुडपाआड दबून बसायचे. आमच्या वाडीतली माणसं आणि पोरं डोंगराच्या मागच्या अंगाला रांगेत पसरायची, आणि डबे बडवत, खोडांवर काठ्या आपटत, ओरडत पुढे सरकायची. हा हाकारा. जनावर आवाजाला भिऊन पुढे पळतं आणि नेमकं बंदुकीच्या तोंडी जातं. मागून ओरडणाऱ्याला यातलं दिसतं काय? हललेली करवंदाची जाळी. मग बार ऐकू येतो. मग पाय बांधून बांबूला उलटं लटकवलेलं जनावर, आणि ते खांद्यावरून वाहून न्यायचं कामही त्यांचंच. मटणाचे वाटे वरच्या वाडीत पडायचे. आमच्या वाडीला खूर आणि आतडी. पुढे वाडीने धम्मदीक्षा घेतली, तेव्हा जाणत्या माणसांनी बसून ठरवलं की मेलेली गुरं ओढणं बंद, आणि हाकाऱ्याला जाणंही बंद. बाबा तेव्हा शाळेत होते. नंतर ते इकडे आले, डोंबिवलीत कंपनीत लागले, आणि पुढे शिकारच कायद्याने बंद झाली. रान त्यांच्या आयुष्यातून गेलं ते गेलंच.

"मेलेली खूप बघितली," बाबा म्हणाले. "पळणाऱ्याचं ढुंगण दोन-चारदा. उभं एकदा पण नाय. आम्ही गेलो की ते घाबरलेलंच असायचं. घाबरलेलं नसताना ते कसं दिसतं, ते काय आपल्याला ठाऊक नाय." मग जरा दम घेऊन, "एकदा बघायचं होतं."

आमचा नंबर पुकारला.

पहिला उपाय मी केला तो सगळेच करतील तो. मोबाइलवर हरणांचे व्हिडिओ लावून दिले. बाबांनी ते पाहुण्याच्या लग्नाचा अल्बम बघावा तसे सभ्यपणे बघितले आणि मोबाइल परत दिला. मग मुंबईला प्राणिसंग्रहालयात नेलं. तिथे चितळं होती, कठड्यापाशी येऊन पोरांच्या हातातल्या पॉपकॉर्नकडे बघत होती. बाबा चाकाच्या खुर्चीत क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चल. ह्यांना पळायला जागाच नाय. न पळता उभं राहिलं तर काय मोठंसं."

म्हणजे पळायला जागा असलेलं, आणि तरीही उभं असलेलं हवं होतं. माझ्या बापाने उभ्या जन्मात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे.

ठाण्याला वनखात्याच्या ऑफिसात माझी एका साहेबांशी तोंडओळख होती. त्यांच्यासमोर बसून मी सरळ विचारलं, "साहेब, भेकर कुठे मिळेल?"

भेकर म्हणजे आपल्याकडचं छोटं हरिण. शेळीएवढं, तांबूस, कुत्र्यासारखं भुंकणारं. बाबांच्या रानात जास्त करून तेच असायचं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मिळेल म्हणजे?"

"दिसेल."

"दिसल्यावर काय करणार?"

"काही नाही. बाबांना दाखवणार."

"आणि मग?"

"मग घरी. वाटेत वडापाव."

"बरोबर काय असणार? जाळं, कुत्रा, बंदूक?"

"फक्त बाबा. ते पण ऑक्सिजनवर."

तेव्हा कुठे ते हसले. कल्याणच्या पुढे, मुरबाड रस्ता सोडून आत गेल्यावर राखीव रानाचा एक पट्टा आहे, तिथे भेकरं आहेत असं कर्मचारी सांगतात, म्हणाले. परवानगी दिली आणि तिथल्या वनरक्षक मुलीला फोन लावून दिला. ही मुलगी लातूरकडची, नुकतीच नेमणूक झालेली. पहिल्या शनिवारी मी माझी छोटी गाडी घेऊन पोहोचले, तेव्हा ती काठी घेऊन नाक्यावर उभी होती.

मी म्हटलं, "चला, दाखवा भेकर."

ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं काळवीट असतंय, ज्वारीत. भेकर मी पण अजून नाही बघितलं. इथं मला लग्नाआधीचे फोटो काढणारेच जास्त दिसतेत."

म्हणजे आम्ही दोघी सारख्याच. रान सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं, आणि आम्हा दोघींपैकी कुणालाच ते ठाऊक नाही.

ओळख नसलेल्या रानात जनावराची जागा शोधायची कशी, हे शिकवायला माझ्याकडे घरीच गुरू होता. बाबा डोंबिवलीच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पलंगावर बसून, नाकात नळी घालून, मला शिकवायचे. मोबाइलवर वरून काढलेला रानाचा नकाशा मोठा करून मी त्यांच्यापुढे धरायची. ते बोटाने दाखवायचे, "हितनं उठलं की ह्या घळीतनं वर चढणार. हितं उतार हाय, हितनं नाय जाणार, जनावर वर पळतं. ह्या डोंगराच्या सोंडेवरनं पलीकडं."

"बाबा, पण ते उठायच्या आधी कुठे असतं?"

ते बोट नकाशावरून उचलायचे. पळणाऱ्या जनावराचं त्यांना सगळं ठाऊक होतं. बसलेल्याचं काहीच नाही. त्यांची सगळी विद्या हाक मारल्यानंतरची होती. मला मात्र हाक मारायच्या आधीची जागा हवी होती. म्हणून ते जिथे जिथे पळेल म्हणायचे, तिथून मी उलटी मागे यायची.

शिकवता शिकवता एकदा त्यांनी ओरडण्याचंही सांगितलं. हाकाऱ्यात गप्प राहायचं नाही, ही पोरांना पहिली ताकीद. ओरडायचं ते जनावराला उठवायला, आणि त्याहून जास्त स्वतःला वाचवायला. समोरच्या बंदूकवाल्याला झाडी हललेली तेवढी दिसते. त्या हलणाऱ्या झाडीतून माणसाचा आवाज आला नाही, तर तो बार टाकतो.

"आंबिवलीच्या काकाच्या पोटरीत छर्रे हायत ना, ते तसलेच," बाबा म्हणाले.

हे आंबिवलीचे काका म्हणजे बाबांच्या वाडीतले, त्यांच्याच वयाचे. आंबिवली स्टेशनजवळ चाळीत राहतात. ते पाय ओढत चालतात हे मी लहानपणापासून बघत होते आणि सायकलवरून पडले असतील असं धरून चालले होते.

"काका गप्प का राहिले पण?"

"तोंडात करवंदं होती. तोंड भरलेलं, ओरडणार कसा?" एवढं बोलून बाबा इतके हसले की मला सिलिंडरची चावी वाढवावी लागली. हसू ओसरल्यावर म्हणाले, "तेव्हापास्नं आम्ही करवंदं घरी आणून खायचो. समोर पान वाजलं की आधी हाक. विचार नंतर."

ते मी तेव्हा विनोद म्हणून ऐकलं.

पुढचे कितीतरी शनिवार मी त्या रानात काढले. सागाची पानं गळलेली, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. माझ्यासारख्या भारदस्त बाईने तिथे गुपचूप चालायचं म्हणजे वरातीने चोरपावलांनी जाण्यासारखं. एका ओढ्याकाठी मला लेंड्या दिसल्या. मी आनंदाने वेडी झाले, झुडपाआड दबा धरून बसले, वनरक्षक मुलीलाही बसवलं. बऱ्याच वेळाने रानातून घंटा वाजवत शेळ्यांचा कळप आला, आणि त्यातली एक शेळी माझ्या पिशवीतली पोळीभाजी खाऊन गेली.

मग मी चिखलातल्या खुरांचे फोटो बाबांना पाठवायला लागले. फोन यायचा, "बकरी." पुन्हा फोटो. "बकरी." पुन्हा. "हे डुकराचं. तू लवकर घरी ये." आणि एका शनिवारी पाठवला तर बराच वेळ फोन आला नाही. मीच लावला.

"हे भेकरू," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदललेला होता. "निमुळतं, टोकदार. दोन्ही फाका मिटलेल्या."

"नक्की?"

"बांबूला उलटं बांधलं की पाय वर असतात बाय. मी मागच्या टोकाला असायचो. खूर नाकासमोर हलायचे, गावात पोचेपर्यंत."

त्या ठशांचा माग धरून मागे मागे जात मी एका उंबरापाशी पोहोचले. ओढ्याच्या वळणावर झाड, खाली पिकली उंबरं पडलेली, आणि त्या मऊ मातीत तसलेच ठसे, नवे, जुने, एकमेकांवर. जागा सापडली होती. नाचावंसं वाटत असताना आवाज होईल म्हणून नुसते हात वर करून उभी राहिले. वनरक्षक मुलीला वाटलं मला मधमाशा लागल्या.

पुढचं काम अवघड होतं. बाबांना गाडीपासून थोडंच चालता येणार होतं. सुदैवाने कच्चा रस्ता ओढ्याजवळूनच जात होता, आणि उंबरासमोर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे आमचा वास जनावराकडे जाणार नाही अशा जागी, पाठ टेकता येईल असा एक खडक होता. रस्ता ते खडक, मधे सागाची पानं. मी डोंबिवलीहून खराटा घेऊन गेले आणि ती वाट झाडून काढली. मोटरसायकलवरून जाणारा एक गाववाला थांबला, म्हणाला, "मॅडम, स्वच्छता मोहीम काय? मग आमच्या गावात पण या की." मी म्हटलं, इथलं झालं की येते.

पुढच्या शनिवारी दुपार कलल्यावर आम्ही निघालो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला होता. मी म्हटलं, पांढरा लांबून दिसतो, तर मुकाट्याने कंपनीतला जुना खाकी घातला आणि वरून कंगवा फिरवला. गाडीत ऑक्सिजनचं लहान सिलिंडर. कल्याण ओलांडेपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर बघत एक शब्द काढला नाही, मग म्हणाले, "बंदूकवाले असेच गप्प असायचे जाताना. आम्ही मागनं बडबडत."

वनरक्षक मुलगी गाडीपाशी थांबली. मी बाबांना धरून त्या झाडलेल्या वाटेने खडकापाशी नेलं आणि पाठ टेकून बसवलं. सिलिंडरचा बारीक सुस्कारा ऐकू येत होता. बाबांनी स्वतःच चावी बंद केली आणि नाकातली नळी काढून मांडीवर ठेवली. मी डोळे वटारले. त्यांनी हाताने 'राहू दे' केलं.

आम्ही बसलो. ऊन उंबराच्या बुंध्यावरून शेंड्याकडे सरकत होतं. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता, वर वर, आखूड. मला बोलायची इतकी सवय की गप्प बसून माझे जबडे दुखायला लागले. बाबा मात्र समोर बघत होते, हात गुडघ्यांवर, ताठ. त्यांना मी असं कधी बसलेलं बघितलं नव्हतं. कुणाच्याही लग्नात, सभेत, बाबा मागच्या खुर्चीवर बसायचे.

मग ते आलं.

उंबराच्या डाव्या अंगाला, बुंध्याच्या सावलीत, मला आधी फक्त तांबूस रंग दिसला. मग त्याला मान फुटली. ते बुंध्याला वळसा घालून आलं, एक पाय उचलून थांबलं, पाय टेकवला, आणि खाली मान घालून उंबर खायला लागलं. शेपटी वर होत होती, खाली होत होती. एक कान मागे वळला आणि परत आला. तोंड बाजूला फिरवत ते चावत होतं, आमच्या गल्लीतली म्हातारी सुपारी चघळते तसं. त्याला कशाचीच घाई नव्हती.

मी बाबांच्या कोपराला बोट लावलं. ते समोर बघत होते, मी आधी दाखवून ठेवलेल्या जागी, बुंध्याच्या उजवीकडे. त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी डोळे बारीक केले. मी अगदी हळू त्यांच्या हनुवटीला बोट लावून मान डावीकडे वळवू लागले. त्यांची नजर बुंध्यापर्यंत आली होती. अजून थोडी वळली असती तर पुरे होतं. तेवढ्यात भेकराने पुढच्या उंबरासाठी पाऊल टाकलं आणि सागाचं पान वाजलं.

बाबा ओरडले.

"हाऽऽ होऽऽ, हाऽऽ होऽऽ." वाक्य पुरं करायला ज्यांना दोनदा थांबावं लागायचं, त्या माणसाच्या छातीतून तो आवाज निघाला. पोरसवदा, लांब, डोंगराला आपटून परत येणारा. भेकर जागच्या जागी उडालं आणि बाबा म्हणाले होते तसं, त्याच घळीतून वर, सोंडेवरून पलीकडे. मग लांबून त्याचं भुंकणं ऐकू आलं.

मी बाबांकडे वळले. ते खडकापाशी वाकून बसले होते, मान गुडघ्यांत, दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरलेले. ते बंदुकीच्या बाराची वाट बघत होते.

वनरक्षक मुलगी काठी घेऊन धावत आली. "काय झालं ताई? बिबट्या?"

"नाही," मी म्हटलं. "बाबा."

मी नळी नाकात घातली, चावी सोडली आणि त्यांचे हात एकेक करून डोक्यावरून खाली आणले. हात गार होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तोंडातनं गेलं गो."

"असू दे बाबा."

"पान वाजलं."

"हो, वाजलं."

"गेलं काय?"

"गेलं."

परतीच्या रस्त्यावर मी म्हटलं, पुढच्या शनिवारी परत येऊ, आता जागा सापडलीच आहे. बाबा हो म्हणाले. कल्याणच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या, तिथे त्यांनी विचारलं, "तुला दिसलं?"

मी जन्मभर गोष्टी वाढवून सांगितल्या, आणि त्या पुलावर मला एक शब्द वाढवता आला नाही. होतं तेवढं सांगितलं. पाय उचलला, टेकवला, उंबर खाल्लं, शेपटी, कान. ते ऐकत होते. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, तरी मी गाडी पुढे घेतली नाही.

"खात होतं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मान वर करून बघत होतं का, की खाली?"

"खाली. अगदी बेसावध."

"बेसावध," ते म्हणाले, आणि खिडकीकडे वळले.

पुढचा शनिवार आलाच नाही. बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं, घरी आणलं, ते पलंगावरून उठले नाहीत. पाऊस सुरू व्हायच्या आधीच ते गेले. उंबराखाली भेकर अजूनही येत असेल. मी त्या रस्त्याला परत गेलेले नाही.

बाबा जायच्या थोडे दिवस आधी आंबिवलीचे काका भेटायला आले होते. जिना चढून आल्यामुळे पाय धरून बसले. "जयभीम," म्हणाले, "काय रे, ऐकलं तुझ्या पोरीनं तुला बंदुकीच्या जागी बसवलं."

"बसवलं," बाबा म्हणाले.

"मग? बघितलंस?"

"मी नाय. हिनं बघितलं. आपल्या वाडीतलं पुढं बसून बघितलेलं पहिलं माणूस." ते माझ्याकडे बघत नव्हते, पण मला उठून कुठेतरी जावंसं वाटलं.

काका माझ्याकडे वळले. "उभं होतं?"

"उभं."

"आपल्याला तर कधी उभं नाय सापडलं. सांग बघू."

मी सांगायला लागले. समोर हाकाऱ्यातले दोन म्हातारे, एक पलंगावर, एक स्टुलावर, दोघंही मान पुढे काढून. ऐकणारी माणसं अशी मिळाली की माझी जीभ सैल सुटते. मी बुंध्यामागून भेकराच्या मागोमाग एक पिल्लूही आणलं, पांढऱ्या ठिपक्यांचं, आईच्या पोटाखाली.

बाबांनी हात वर केला. "पिल्लू नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

"मग आणू नको. होतं तेवढं सांग."

मी पिल्लू परत नेलं आणि पुन्हा उंबरापासून सुरू केलं. खाणं, चावणं, कान. काका डोळे मिटून ऐकत होते. "आणि जराही भ्यालेलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाही काका."

"कधीपर्यंत?"

माझ्याआधी बाबांनीच उत्तर दिलं. "माझा आवाज येईपर्यंत."

काका पोटरी चोळत राहिले. ते गेल्यावर मी बाबांची उशी नीट केली आणि म्हटलं, "बाबा, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मी उंबर खाण्यापाशीच थांबते. हाकेचं कशाला सांगायचं?"

त्यांनी बराच वेळ दम जमवला.

"नको. हाक पण सांग," ते म्हणाले. "नायतर लोकांना वाटंल, मी तिथं नव्हतोच."